दोनशे वर्षांत कुणी झाडूच मारला नाही?

माझी मावशी नाशिकला डबे पुरवते. सकाळी साठ, संध्याकाळी चाळीस. मध्यंतरी ती आमच्याकडे राहायला आली होती. एका रात्री मी ‘फॉलआउट ४’ खेळत बसले होते आणि ती शेजारी मेथी निवडत होती. पडद्यावर अणुयुद्धानंतरचं बॉस्टन. रस्त्याकडेला एक जुनं डायनर, आत एक बाई दुकान चालवते आहे आणि तिथल्याच बाकावर एक सांगाडा बसलेला.

“युद्ध कधी झालं म्हणालीस?” मावशीनं विचारलं.

“झाली की दोनशे दहा वर्षं.”

ती थोडा वेळ बघत राहिली. “अगं, मग दोनशे वर्षांत ह्या दुकानात कुणी झाडूच मारला नाही?” आणि पाच मिनिटांनी, मेथीच्या काड्या गोळा करता करता, “आणि ह्यांचा किराणा कुठून येतो?”

मी ह्या मालिकेची जुनी भक्त. उत्तर द्यायला हवं होतं, देता आलं नाही. गंमत अशी की दोन डोकी असलेली गाय मावशीनं बिनतक्रार मान्य केली होती. हिरव्या कातडीचे राक्षसही मान्य होते आणि लोखंडी चिलखतात शिरून चालणारी माणसंही. सांगाडा मात्र तिला पटेना. माझ्या मते तिचा नेम अचूक होता.

जगबुडीनंतरच्या गेममधलं ‘लॉजिक’ हा विषय निघाला की दोन तट पडतात. एक तट म्हणतो, गेम आहे, डोकं बाजूला ठेवून खेळा. दुसरा तट किरणोत्साराचे तक्ते घेऊन बसतो आणि मुंगी बैलाएवढी होऊच शकत नाही हे सिद्ध करतो. मला दोघांचंही पटत नाही. पहिल्याला गोष्टीची किंमत नाही. दुसरा चुका शोधतो खरा, पण चुकीच्या जागी. अशक्य गोष्टी आपण ऐकत आलोच आहोत. दहा तोंडांचा रावण कुशीवर कसा झोपत असेल असं कीर्तनात उठून कुणी विचारत नाही. एक अशक्य गोष्ट मानून घ्यायची हा श्रोता आणि सांगणारा यांच्यातला जुना करार आहे. त्या अशक्य जगात माणसं माणसांसारखी वागली नाहीत, की तो मोडतो.

आधी विज्ञानाचं उरकून घेऊ, कारण ते सोपं आहे. ‘फॉलआउट’च्या जगात युद्ध होतं २३ ऑक्टोबर २०७७ ला आणि दोनेक तासांत संपतं. १९९७ साली पहिला गेम आला तेव्हा कर्त्यांनी मुद्दामच १९५० च्या दशकातल्या अमेरिकेच्या कल्पनेतलं भविष्य घेतलं होतं. त्या काळच्या स्वस्त सिनेमांत किरणोत्सार लागला की सरडे वाढतात, मुंग्या वाढतात, माणसं मरायची विसरतात. हा त्या जगाचा नियम, पहिल्या दहा मिनिटांत सांगितलेला. त्यावर भौतिकशास्त्र घेऊन धावून जाण्यात अर्थ नाही.

खरं भौतिकशास्त्र विचाराल तर वेगळंच निघतं. स्फोटानंतरची किरणोत्सारी धूळ सुरुवातीला भयंकर असते, पण झपाट्यानं निवते. ढोबळ नियम असा की वेळ सातपट झाली की मात्रा दहापट कमी होते. म्हणजे सात तासांनी दहावा हिस्सा, दोन दिवसांनी शंभरावा, दोन आठवड्यांनी हजारावा. मागे रेंगाळतं ते सीझियम-१३७ सारखं द्रव्य. त्याचं अर्धायुष्य साधारण ३० वर्षं, म्हणजे दोनशे वर्षांनी जेमतेम एक टक्का उरतं. चेर्नोबिलचा अपघात २६ एप्रिल १९८६ चा. दुसऱ्याच दिवशी प्रिप्यात शहर रिकामं केलं. आज तिथल्या रस्त्यांतून झाडं उगवली आहेत, लांडगे फिरतात, १९९८ मध्ये सोडलेले रानघोडे तिथे नांदतात. म्हणजे माणूस निघून गेल्यावर जागेचं वाळवंट झालं नाही, जंगल झालं. ‘फॉलआउट ३’ मधलं वॉशिंग्टन मात्र २२७७ साली, युद्धाला दोनशे वर्षं उलटल्यावरही, करड्या मातीचा माळ आहे. झाडं उभी आहेत ती मेलेली. अख्ख्या नकाशात हिरवाई म्हणावी अशी एकच जागा. आणि त्या शहरात खरा पाऊस पुण्यापेक्षा जास्त पडतो! हे खटकतं, पण मी ते सोडून देते. करडा माळ हाही त्या कराराचाच भाग म्हणू.

सांगाडा सोडून देता येत नाही.

दोनशे वर्षं म्हणजे किती, हे पुण्याच्या माणसाला शनिवारवाड्यापाशी उभं करून सांगता येईल. १८१८ ला पेशवाई गेली, १८२८ ला वाड्याला आग लागली. सागवानी मजले जळून गेले. राहिलं काय, तर दगडी जोती, तट, दरवाजे आणि कारंज्याचे हौद. तेव्हापासून दोनशे वर्षांत त्या जागेचं काय झालं? लोकांनी राखेत वस्ती केली नाही. जागा साफ झाली, बाग झाली, तिकीटखिडकी आली, समोरच्या पटांगणात सभा गाजल्या. कुणीतरी दर सकाळी तिथे खराटा फिरवतं. दोनशे वर्षं म्हणजे सात-आठ पिढ्या. एवढ्या काळात भाषा बदलते, पोशाख बदलतो, जुन्या लढाईची गाणी होतात आणि पणजीला ती कुणी शिकवली हे कुणालाच ठाऊक नसतं. ‘फॉलआउट ४’ मधली माणसं मात्र युद्ध गेल्या मंगळवारी झाल्यासारखी राहतात. छताला भोक आहे, खाली पलंग आहे, पलंगावर पावसाचं पाणी पडतं आणि त्याच पलंगावर माणूस झोपतो. लाकडी घरं रंगासकट उभी. किराणा दुकानात दोनशे वर्षांपूर्वीचं डबाबंद खाणं, आणि तेही फडताळावर, कुणी हात न लावलेलं.

असं का करतात ते मला कळतं. उद्ध्वस्त घरात मांडलेला सांगाडा एक छोटी गोष्ट सांगतो. नहाणीघरात दोन सांगाडे एकमेकांना बिलगलेले दिसले की आपण क्षणभर थांबतो, शेवटच्या रात्री काय झालं असेल याचा विचार करतो. हे गेम बनवणाऱ्या ‘बेथेस्डा’ कंपनीचे कलाकार ह्यात वाकबगार आहेत, आणि त्यांच्या अशा काही खोल्या मला अजून आठवतात. पण ही कला युद्धानंतर वीस वर्षांनी शोभते. वस्ती नसलेल्या जागी तर दोनशे वर्षांनीही चालवून घेऊ. राहत्या घरात तीच मांडणी केली की गोष्ट मेलेल्यांची राहते आणि जिवंत माणसं नेपथ्य होऊन जातात.

आता मावशीचा दुसरा प्रश्न. किराणा.

‘फॉलआउट ३’ मध्ये मेगाटन नावाचं गाव आहे, न फुटलेल्या अणुबॉम्बच्या भोवती वसलेलं. बॉम्बच्या खड्ड्यात गाव का वसवलं, तर धुळीच्या वादळांपासून आडोसा म्हणून, असं गावातलीच एक म्हातारी सांगते. चालेल. पत्रा कुठून आणला, तेही सांगितलं आहे. पाणी शुद्ध करायचं यंत्र आहे, ते गळतं, दुरुस्त करायचं काम आपल्याला मिळतं. छान. पण गावात भाजीचा वाफा नाही. गावाबाहेर शेत नाही. जवळपास कुठेच शेत नाही. नदीवरच्या एका जहाजातल्या प्रयोगशाळेत थोडी ताजी फळं पिकवतात, तेवढंच. बाकी सगळं शहर गोमांस, जंगली प्राणी आणि दोनशे वर्षांच्या डब्यांवर जगतं. मग त्या गाई काय खातात? करडी माती?

कुणी म्हणेल, अगं, गेममध्ये सगळं आटोपशीरच दाखवतात. वीस घरं म्हणजे शहर समजायचं. हे मला पूर्ण मान्य आहे. आपल्या तमाशात गौळणी मंचावर एक गिरकी घेतात आणि मथुरेच्या बाजारात पोहोचतात. वाटेतलं अंतर कुणी मागत नाही. पण गिरकी घ्यावी लागते! गिरकीच न घेता गौळणींची मावशी एकदम मथुरेत उभी राहिली तर प्रेक्षक ओरडतील. तीन रोपं दाखवा, आम्ही शेत समजू. एक बाई पाटीत काहीतरी घेऊन जाताना दाखवा, आम्ही बाजार समजू. ‘फॉलआउट ४’ नं निदान ही रोपं दाखवली, हे कबूल करायला हवं. तिथे वस्त्यांत पिकं लावता येतात आणि बेसबॉलच्या मैदानात वसलेल्या शहरात छोटासा मळाही आहे. तेवढ्यानं त्या शहराला एकदम वजन येतं.

लहान मुलांचं एक गाव आहे ‘फॉलआउट ३’ मध्ये, गुहेत. युद्धाच्या दिवशी शाळेची सहल तिथे अडकली, तेव्हापासून तिथे फक्त मुलंच राहतात. सोळा वर्षं पूर्ण झाली की गावाबाहेर काढतात. कल्पना गोड आहे. फक्त दोनशे वर्षं सोळाव्या वर्षी सगळ्यांना हाकलत आलात, तर पुढची मुलं आणता कुठून, हे कुणी विचारलेलं दिसत नाही. आणि ‘फॉलआउट ४’ मध्ये एक मुलगा फ्रिजमध्ये कोंडलेला सापडतो, युद्धाच्या दिवसापासून. किरणोत्सारानं त्याचा ‘घूल’ झाला आहे, म्हणजे कातडी सडलेला पण मरायचं विसरलेला माणूस, म्हणून तो दोनशे वर्षं अन्नपाण्याविना जगला म्हणे. ह्याच मालिकेच्या पहिल्या गेममध्ये घूल लोकांचं एक अख्खं गाव आहे. तिथून पाण्याचं यंत्र काढून नेलं आणि पर्यायी पंप दुरुस्त केला नाही, तर ते गाव तहानेनं मरतं. तो प्रसंग १९९७ पासून माझ्यासारख्या कित्येकांच्या मनात घर करून आहे. फ्रिजमधल्या पोरानं त्या गावाचं मरण खोटं ठरवलं. विज्ञान चुकलं असतं तर मी हसून सोडलं असतं. इथे गोष्ट स्वतःच्याच शब्दाला जागली नाही.

पण ह्या मालिकेतलं सगळ्यात मोठं भगदाड ‘फॉलआउट ३’ च्या शेवटाला आहे. ज्यांनी तो खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपल्या वडिलांचं स्वप्न, नदीचं पाणी शुद्ध करणारं यंत्र, अखेर सुरू होण्याच्या बेतात आहे. पण ते सुरू करायला जीवघेण्या किरणोत्सारानं भरलेल्या खोलीत जावं लागतं. जो आत जाईल तो मरेल. आपल्या शेजारी उभा असतो फॉक्स, एक महाकाय उत्परिवर्तित मित्र, ज्याला किरणोत्सार बाधत नाही. नुसता बाधत नाही एवढंच नव्हे, काही तासांपूर्वी ह्याच कारणासाठी तो अशाच एका खोलीत जाऊन आपल्याला हवी ती वस्तू घेऊन आला आहे. आपण त्याला म्हणतो, बाबा, तू जा. तो म्हणतो, हे तुझं विधिलिखित आहे, मी मध्ये पडणार नाही.

२००८ मध्ये हे पाहून लोक संतापले, आणि मला वाटतं रास्त संतापले. लेखकाला बलिदान हवं होतं. बलिदान मिळवायचं तर दुसरा मार्ग बंद करायला हवा होता. तो बंद करायची मेहनत न घेता त्यांनी मित्राला मूर्ख केलं. मे २००९ मध्ये ‘ब्रोकन स्टील’ हा जोडभाग आला, त्यात फॉक्सला पाठवता येऊ लागलं. आणि पाठवलं तर? शेवटचं निवेदन आपल्यालाच टोमणा मारतं की खरा शूर दुसराच निघाला! चूक दाखवणाऱ्यालाच भित्रा ठरवायची ही तऱ्हा आपल्याकडच्या बऱ्याच बैठकांतही पाहायला मिळते.

आता उलट बाजू, कारण भगदाड शोधणाऱ्यांचाही मला कंटाळा आहे. ‘द लास्ट ऑफ अस’ हा २०१३ चा गेम. मुंग्यांना लागणारी एक खरीखुरी बुरशी माणसाला लागते, जग कोसळतं, वीस वर्षांनी जोएल नावाचा माणूस एली नावाच्या मुलीला देशाच्या एका टोकाकडून दुसरीकडे नेतो, कारण तिला ही बुरशी बाधत नाही आणि तिच्यापासून लस बनेल अशी आशा आहे. शेवटी कळतं की लस बनवायची तर तिला मारावं लागेल. जोएल डॉक्टरला मारून तिला उचलून नेतो आणि नंतर तिच्याशी खोटं बोलतो.

तेव्हापासून आजवर एक युक्तिवाद ऐकू येतो. बुरशीवर माणसासाठी लस आजवर बाजारात आलेली नाही. एकाच रुग्णाला तपासण्या न करता तडकाफडकी मारणारा कसला डॉक्टर? बनवलीच लस, तर ती पडक्या देशात पोहोचवणार कोण? म्हणजे लस होणारच नव्हती, म्हणजे जोएल बरोबर होता. ह्यातला प्रत्येक मुद्दा खरा आहे आणि तरी हा युक्तिवाद मला पळवाट वाटतो. लस होईल हे गोष्टीनं मागितलेलं एकमेव उधार आहे. ते दिलं तरच प्रश्न उभा राहतो की आपल्या लेकरासाठी तुम्ही जग बुडू द्याल का. उत्तर द्यायची भीती वाटते म्हणून आपण प्रश्नच रद्द करायला बघतो. ह्या गेममध्ये खरी तपासणी करायची तर वेगळ्या गोष्टींची करा. वीस वर्षांपूर्वीचं पेट्रोल अजून गाडी चालवतं ते कसं, पेट्रोल वर्ष-दोन वर्षांत खराब होतं. पण ह्या गेमची माणसं बघा. जॅक्सन नावाच्या वस्तीत लोकांनी धरणावरचं वीजकेंद्र पुन्हा चालू करायचा खटाटोप मांडला आहे, भिंत बांधली आहे, घोडे पाळले आहेत. वीस वर्षांत माणसं हे करतीलच. म्हणून पेट्रोल मी माफ करते.

‘मेट्रो २०३३’ ह्या गेमला तर काही माफ करावंच लागत नाही. मॉस्कोच्या भुयारी रेल्वेत उरलेली माणसं डुकरं पाळतात आणि अळंबी पिकवतात, म्हणजे अंधारात जे होईल ते. चलन आहे युद्धापूर्वीच्या चांगल्या प्रतीच्या बंदुकीच्या गोळ्या. त्याच गोळ्या शत्रूवरही जास्त परिणाम करतात. त्यामुळे अडचणीच्या वेळी आपण अक्षरशः पैसे झाडत असतो. दुसऱ्या महायुद्धातल्या युद्धकैद्यांच्या छावणीत सिगारेट चलन कशी झाली यावर आर. ए. रॅडफर्ड यांनी १९४५ मध्ये एक निबंध लिहिला होता. ते स्वतः कैदेत होते. वापरता येते अशी वस्तूच पैसा झाली की माणूस ती कधी जपतो आणि कधी ओढून टाकतो, हे त्यात आहे. ‘मेट्रो’ खेळताना तो निबंध बोटांत उतरतो. भूगर्भात राक्षस आहेत की नाहीत हा प्रश्न मग गौण होतो.

‘फॉलआउट’मधलं चलन म्हणजे बाटलीची बुचं, हा तर सगळ्यांचा आवडता विनोद. पण मूळ गेममध्ये तो विनोद नव्हता. व्यापाऱ्यांच्या एका शहरानं बुचांमागे पाण्याची हमी दिली होती. दुसऱ्या गेममध्ये, म्हणजे कथेतल्या ऐंशी वर्षांनी, कॅलिफोर्नियात नवं प्रजासत्ताक उभं राहिलं, त्यानं आपली नाणी काढली आणि बुचं कवडीमोल झाली. तिथे एका दडवलेल्या खजिन्याचा शोध लागतो, त्यात निघतात दहा हजार बुचं. काय चपराक आहे! मग २०१० मध्ये ह्याच मालिकेतला ‘न्यू व्हेगास’ हा गेम आला आणि तिथे पुन्हा बुचं. पण तो बनवणाऱ्या ‘ऑब्सिडियन’ कंपनीच्या लेखकांनी कारण दिलं. प्रजासत्ताकाचा सोन्याचा साठा शत्रूनं उडवला, त्याच्या नोटांवरचा विश्वास गेला, म्हणून व्यापाऱ्यांनी पाण्याच्या हमीवर बुचं पुन्हा चालू केली. एवढंच नव्हे, जुन्या कारखान्यातलं बुचं पाडायचं यंत्र बंद करून ये, कुणी नकली चलन पाडेल, असं काम एक व्यापारी बाई आपल्याला देते. पाण्याची हमी असलेला पैसा ही कल्पना ज्यानं लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी जाताना २०१६ मध्ये पाहिलं, त्याला समजावून सांगावी लागत नाही.

मग प्रश्न पडतो की ज्या मालिकेनं एवढं चांगलं केलं, ती पुन्हा पुन्हा सांगाड्यांकडे का वळते? २०२४ मध्ये ‘फॉलआउट’वर बेतलेली टीव्ही मालिका आली. त्यात प्रजासत्ताकाची पहिली राजधानी, शेडी सँड्स, बॉम्बनं नाहीशी झालेली दाखवली. एका फळ्यावर २२७७ हे साल दिसलं आणि चाहत्यांत रण पेटलं, कारण ‘न्यू व्हेगास’ घडतो २२८१ मध्ये आणि तिथे हे प्रजासत्ताक जिवंत आहे. शेवटी कर्त्यांना खुलासा करावा लागला की बॉम्ब त्या गेमच्या घटनांनंतर पडला. चार वर्षांचा हा हिशेब लागला आणि सगळे शांत झाले. मला त्या चार वर्षांचं काही वाटलं नाही. मला वाईट वाटलं ते राजधानीचं. पहिल्या गेममध्ये ते मातीच्या घरांचं खेडं होतं, कुंपणात पिकं लावणारं. दुसऱ्यात त्याचं शहर झालं, पोलीस आले, कायदे आले, राजकारण आलं. खेळणाऱ्यांनी ते गाव वाढताना पाहिलं होतं. ते पुसून पुन्हा रेती आणि कवट्या आणल्या, कारण ढिगारा ही ह्या मालाची खूण आहे. वसलेलं गाव पोस्टरवर चांगलं दिसत नाही.

इथे हा प्रश्न फक्त गेमवाल्यांचा राहत नाही. संकटात माणसं कशी वागतात याचं एक चित्र आपण लहानपणापासून सिनेमा-गेममधून पीत असतो. शिस्त गेली की शेजारी शेजाऱ्याच्या नरडीला लागणार, लुटालूट होणार, बंदूकवाला राजा होणार. १९६३ पासून अमेरिकेत आपत्तीचा अभ्यास करणारं एक केंद्र आहे. त्याच्या संस्थापकांपैकी एन्रिको क्वारंटेली यांनी आयुष्यभर खऱ्या पुरांत, भूकंपांत जाऊन पाहिलं आणि पुन्हा पुन्हा हेच मांडलं की सैरावैरा घबराट हा अपवाद असतो, आणि पहिली मदत बहुतेक वेळा शेजारीच करतात. हिरोशिमावर ६ ऑगस्ट १९४५ ला बॉम्ब पडला आणि ९ ऑगस्टला एका टप्प्यावर ट्राम पुन्हा धावली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा मुंबईकर अनोळखी लोकांना घरात घेत होते, रस्त्यावर बिस्किटं आणि चहा वाटत होते. किल्लारीच्या भूकंपानंतर गावंच्या गावं नव्या जागी वसली, आणि जुन्या गावच्या ढिगाऱ्यात पलंग टाकून कुणी झोपलं नाही.

मी माणसाला देवत्व देत नाहीये. संकटानंतर पहिल्यांदा सावरणाऱ्यांत सावकारही असतो आणि टँकरवालाही. दुष्काळात कुणाचं शेत कुणाच्या नावावर गेलं, हे आपल्या गावोगावच्या सातबाऱ्यांवर वाचता येतं. पण तेही उभं राहणंच आहे. संस्था परत येतात, चांगल्या येतात, वाईट येतात, आणि त्यांच्यातलं भांडण हीच जगबुडीनंतरची खरी गोष्ट असते. ‘फ्रॉस्टपंक’ ह्या पोलिश गेममध्ये बर्फात उरलेलं एकच शहर आपल्याला चालवायला दिलं जातं. तिथे गोळी झाडायचा प्रश्नच नाही. मुलांना कोळशाच्या कामाला लावायचं का, सूप पातळ करायचं का, अन्नात लाकडाचा भुसा मिसळायचा का, असे कायदे करायचे असतात. तो खेळताना मी एका रात्री मुलांना कामाला लावलं आणि संगणक बंद करून बराच वेळ नुसती बसले. ‘प्रोजेक्ट झोम्बॉइड’ मध्ये तर पहिल्या आठवड्यात टीव्हीवर स्वयंपाकाचा कार्यक्रम लागतो, तो पाहिला तर आपलं पात्र स्वयंपाक शिकतं. मग वीज जाते, फ्रिजमधलं सडतं, नळ कोरडा पडतो. मावशीला हा गेम दाखवायला हवा होता.

वास्तव जास्त घातलं की मजा मरते, हा आक्षेप खरा आहे. रोज चार तास विहिरीचं पाणी शेंदणारा गेम मीही घेणार नाही. पण इथे मी पाणी शेंदायला मागत नाहीये. विहीर कुठे आहे आणि ती कुणाच्या आवारात आहे, एवढंच विचारते आहे.

‘न्यू व्हेगास’ मध्ये त्याचं उत्तर मिळतं, आणि म्हणून तिथे एक साधंसं काम माझ्या लक्षात राहिलं आहे. प्रजासत्ताकाचा एक शिपाई बेपत्ता असतो. प्रजासत्ताकाच्या शेतकऱ्यांना पाणी कमी पडतं म्हणून तो चौकशी करत होता. शोध घेता घेता कळतं की सरकारी वाहिनीतलं पाणी गुपचूप वळवून गरीब वस्तीतल्या सहकारी शेताला दिलं जात होतं. ते शेत शेकडो उपाशी माणसांना पोसतं. आणि ते पाणी वळवणाऱ्या भल्या माणसानं, ज्याचं सगळं आयुष्य रोग्यांच्या सेवेत गेलं आहे, गुपित फुटू नये म्हणून त्या शिपायाला मारलं. आता अधिकारी आपल्यासमोर उभी आहे आणि विचारते आहे, काय सापडलं? खरं सांगता येतं. दुसऱ्याच टोळीवर ढकलून प्रकरण मिटवताही येतं. इथे फॉक्ससारखं कुणी विधिलिखिताचं बोलत नाही. दोन्हीकडची शेतं मी पाहिली होती, दोन्हीकडचा मका कोमेजला होता. मी खोटं सांगितलं. पुढच्या वेळी पुन्हा खेळले तेव्हा खरं सांगितलं, आणि दोन्ही वेळा त्या शिपायाच्या प्रेमात असलेल्या मुलीला भेटायला गेले नाही.